दादाचा रविवार : लंडन-मँचेस्टरमधले पंकचे पाच दिवस

आमच्या गिरगावातल्या चाळीत पंक, म्हणजे ब्रिटनमधल्या तरुण पोरांचं किंचाळणारं बंडखोर रॉक संगीत, आलं ते 1978 च्या पावसाळ्यात, आणि आलं ते बोटीने. माझा आतेभाऊ, म्हणजे आम्हा सगळ्या भावंडांचा दादा, 'राजेंद्र' या प्रशिक्षण जहाजावरून पास होऊन मर्चंट नेव्हीत डेक कॅडेट म्हणून लागला होता. पहिली लांबची सफर करून आला तेव्हा बॅगेत आत्याला साडी, मला स्केचपेनांचा डबा आणि स्वतःसाठी चार छोट्या तबकड्या होत्या. सात इंची, 45 च्या स्पीडच्या.

घरात एचएमव्हीचा फिएस्टा होता. त्यावर तोवर नाट्यगीतं नाहीतर सिनेमाची गाणी वाजलेली. दादाने एक्स-रे स्पेक्स नावाच्या बँडची तबकडी लावली. आधी एक मुलगी गोड आवाजात काहीतरी बोलली आणि पुढच्याच क्षणी अशी किंचाळली की समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू पदर खोचत दारात आल्या. आत्या म्हणाली, "हिला कुणीतरी पाणी द्या." मग पुढे होऊन तिने स्वतःच स्पीडचा खटका 45 वरून 33 वर ओढला. ती मुलगी एकदम आजारी रेड्यासारखी हंबरायला लागली. "आता कसं, शब्द तरी कळतात," आत्या म्हणाली आणि कुकरकडे गेली.

मी तेव्हा 11 वर्षांचा होतो. त्या चार तबकड्या मी पुढे झिजेपर्यंत ऐकल्या. डॅम्डचं 'न्यू रोझ' : ऑक्टोबर 1976 मधलं, इंग्लंडमधली पहिली पंक सिंगल, म्हणजे सुटी छोटी तबकडी, ती हीच. क्लॅशचं 'व्हाइट रायट'. बझकॉक्सची चार गाण्यांची 'स्पायरल स्क्रॅच'. आणि ही किंचाळणारी, 'ओ बॉन्डेज! अप युअर्स!'. माझी आवड आजही या चारांच्या फारशी पुढे गेलेली नाही. मधल्या काळात बँकेत 34 वर्षं नोकरी केली, एवढंच.

तबकड्यांबरोबर दादाने एक गोष्टही आणली होती. बोट टिलबरीच्या गोदीत लागलेली. 30 एप्रिल 1978, रविवार. नॅशनल फ्रंट नावाच्या वंशद्वेष्ट्या पक्षाविरुद्ध ट्राफल्गर स्क्वेअरपासून निघालेला प्रचंड मोर्चा, पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत चालत गेलेला. तिथे मोकळ्या मैदानात क्लॅश, स्टील पल्स, टॉम रॉबिन्सनचा बँड, आणि सगळ्यांत आधी डोक्याला रुमाल गुंडाळलेली एक्स-रे स्पेक्सची पॉली स्टायरिन. आणि त्या गर्दीत आमचा दादा! दर गणपतीत आरतीनंतर हा 'दादाचा रविवार' व्हायचाच. आम्हाला तो पाठ होता.

2023 मध्ये मी निवृत्त झालो, दादा 66 चा झाला होता, भाची लंडनच्या हॅरोला राहायला गेली होती. आणखी काय लागतं? व्हिसा, तिकिटं वगैरे सगळ्यांचं होतं तसंच झालं.

बुधवार : किंग्ज रोड

सप्टेंबर म्हणजे थंडी सुरू होणार, म्हणून दोघांच्या बॅगा स्वेटरांनी भरलेल्या. आणि त्या आठवड्यात लंडनमध्ये पारा 30 च्या वर! नंतर कळलं की सप्टेंबरात सलग सात दिवस 30 अंशांच्या वर जाण्याचा ब्रिटनमधला तो विक्रम होता. भाचीच्या घरी पंखा नव्हता. दादा म्हणाला, "गिरगाव बरं होतं."

(इथेच एक सांगून ठेवतो. उन्हाळ्यात जात असाल तर लंडनच्या भुयारी रेल्वेत मेट्रोपॉलिटन, डिस्ट्रिक्ट, सर्कल आणि हॅमरस्मिथ अँड सिटी या लाइनच्या गाड्यांना एसी आहे. सेंट्रल, बेकरलू, पिकॅडिली यांना नाही. नकाशात जवळचा रस्ता दिसला तरी थोडा वळसा घेऊन एसीची गाडी पकडा.)

स्लोन स्क्वेअरला उतरून 22 नंबरची बस घेतली. किंग्ज रोडवर दुतर्फा इतकी श्रीमंती आहे की इथे बंड वगैरे कुणाला सुचलं असेल यावर विश्वास बसत नाही. रस्ता पुढे वळण घेतो तिथे वर्ल्ड्स एंड नावाचा भाग लागतो आणि 430 नंबरचं दुकान. दारावर भलंमोठं घड्याळ, त्यावर बाराऐवजी तेरा आकडे, आणि काटे उलटे फिरतायत.

फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड आणि सेक्स पिस्टल्स या सगळ्यांत गाजलेल्या पंक बँडचा मॅनेजर माल्कम मॅक्लारेन यांचं हे दुकान. 1971 पासून दर थोड्या वर्षांनी त्याचं नाव आणि माल दोन्ही बदलत गेलं. 1974 ला ते 'सेक्स' झालं. रबराचे कपडे, फाटके टीशर्ट, साखळ्या. ऑगस्ट 1975 मध्ये इथे एका पोराला उभं केलं. पिंक फ्लॉइडच्या टीशर्टवर त्याने वरती 'मला तिटकारा आहे' अशा अर्थाचे शब्द खरडलेले. दुकानातल्या ज्यूकबॉक्सवर अ‍ॅलिस कूपरचं गाणं लावून त्याला त्यावर वेडंवाकडं गायला लावलं. तो जॉन लायडन, पुढचा जॉनी रॉटन. सेक्स पिस्टल्सच्या गायकाची निवड अशी झाली.

मला बघायचं होतं ते हे ठिकाण. आणि आत पाऊल टाकल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही, की अरे, हे केवढंसं आहे! आमच्या चाळीखालचं रेशनचं दुकान याहून मोठं असेल. त्यातून जमीन मुद्दाम उतरती केलेली, बोटीच्या डेकसारखी. दादाचे पाय तिथे बरोबर बसले, मी मात्र कपड्यांचा एक स्टँड धरला. एका टीशर्टची किंमत बघितली आणि सोडून दिला. काउंटरवरच्या मुलीने अगदी प्रेमाने विचारलं, काही मदत करू का. दादाने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "किती वाजले?" ती हसली. हा विनोद तिने हजार वेळा ऐकला असणार.

परतताना दादा म्हणाला, "त्या वेळी मी हा रस्ता बघितला नाही. आम्हा खलाशांना कोण उभं करणार इथे."

गुरुवार : ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या आसपास

हा दिवस नुसता चालायचा. जुन्या पंकच्या निम्म्या जागा पाऊण तासाच्या चालीत आहेत, आणि हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

चॅरिंग क्रॉस रोडपासून सुरुवात केली. तिथे 107 नंबरला पूर्वी सेंट मार्टिन्स कला महाविद्यालय होतं. 6 नोव्हेंबर 1975 ला सेक्स पिस्टल्स पहिल्यांदा लोकांसमोर वाजवले ते इथे. थोडी गाणी झाली आणि कुणीतरी वीज काढून घेतली. आज त्या इमारतीत फॉइल्सचं प्रचंड पुस्तकांचं दुकान आहे. (वर कॅफे आहे, स्वच्छतागृहही आहे. साठीच्या प्रवाशांसाठी ही माहिती पंकच्या इतिहासापेक्षा महत्त्वाची.)

समोरच्या बाजूला पाच मिनिटांवर डेन्मार्क स्ट्रीट, गिटारींच्या दुकानांची गल्ली. 6 नंबरच्या मागच्या बाजूला पिस्टल्स राहायचे आणि सराव करायचे. भिंतींवर लायडनने आपल्याच मंडळींची व्यंगचित्रं काढून ठेवली होती. 2016 मध्ये सरकारने त्या इमारतीचा वारसा दर्जा वाढवला आणि त्यात त्या चित्रांचाही विचार केला. भाडेकरूने भिंत खराब केली की आपल्याकडे डिपॉझिट कापतात. आता तिथे हॉटेल झालंय, आम्ही बाहेरूनच माना वर करून पाहिलं.

दुपारी दादाला भूक लागली आणि इथे मला घडलेला योगायोग सांगायलाच हवा. ऑक्सफर्ड स्ट्रीटला लागून सोहो स्ट्रीट नावाची आखूड गल्ली आहे, तिथे राधाकृष्ण मंदिर आहे, हरेकृष्णवाल्यांचं. खाली शाकाहारी जेवण मिळतं. भात, डाळ, दोन भाज्या, पापड, शिरा. समोर झांजा वाजत होत्या. जेवताना मी दादाला म्हटलं, तुझी ती किंचाळणारी मुलगी पुढे हरेकृष्ण झाली हे माहीत आहे का? दादाचा घास हातातच राहिला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

पॉली स्टायरिनचं खरं नाव मॅरिअ‍ॅन जोन एलियट-सेड. वडील सोमाली, आई ब्रिटिश. दातांना तारा लावलेल्या, अंगात भडक प्लास्टिकी कपडे, आणि गाणी दुकानांबद्दल, जाहिरातींबद्दल, विकत घेतल्या जाणाऱ्या सगळ्याबद्दल. शेजारी सॅक्सोफोन वाजवणारी लोरा लॉजिक तर शाळकरी वयाची. पुढे पॉली कृष्णभक्तीत गेली, काही काळ त्या मंडळींच्या आश्रमातही राहिली. 2011 मध्ये कर्करोगाने गेली. दादाने शिऱ्याची दुसरी वाटी घेतली आणि बराच वेळ झांजा वाजवणाऱ्या मुलींकडे बघत बसला.

संध्याकाळी 100 क्लब. पत्ताच 100, ऑक्सफर्ड स्ट्रीट. दुकानांच्या रांगेत एक दार, जिना खाली तळघरात. तिथे 1942 पासून जॅझ वाजतंय. 20 आणि 21 सप्टेंबर 1976 ला इथे दोन दिवसांचा पंक महोत्सव झाला : पिस्टल्स, क्लॅश, डॅम्ड, बझकॉक्स, आणि ज्यांना काहीच वाजवता येत नव्हतं अशा सूझी अँड द बॅन्शीज. त्यांच्या ड्रमवर सिड व्हिशस, जो पुढे पिस्टल्समध्ये गेला. बँडच नवा, त्यामुळे गाणीही नव्हती. मग येशूची प्रार्थना घेतली आणि वीसेक मिनिटं मनाला येईल तसं वाजवत राहिले.

आत जेमतेम 350 माणसं मावतात. लाल भिंतीवर तो प्रसिद्ध 100 चा आकडा, छत हाताला लागेल की काय असं, आणि मध्येच खांब. त्या रात्री कुठलातरी ब्लूज बँड होता, बरा होता. माझं लक्ष खांबाकडे. महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी फेकलेला एक ग्लास अशाच खांबावर फुटला आणि काच एका मुलीच्या डोळ्यात गेली. तिचा डोळा गेला. सिड व्हिशसला अटक झाली, क्लबने पंकला बंदी केली. सिडचे टीशर्ट आज लंडनच्या कॅम्डेन बाजारात ढिगाने विकले जातात. मला तो माणूस कधीच आवडला नाही, आणि त्या खांबाशेजारी उभं राहिल्यावर तर नाहीच.

(तिकीट आधी काढा, कार्यक्रम कुठलाही असो. दिवसा फक्त बंद दार दिसेल.)

शुक्रवार : मँचेस्टर

लंडनच्या यूस्टन स्टेशनहून आमची आठची गाडी रद्द झाली. पुढच्या गाडीत दोन गाड्यांची माणसं. दादा सव्वादोन तास दाराशी बॅगेवर बसून आला आणि म्हणाला, विरार फास्टपेक्षा बरं, इथे निदान कुणी डोक्यावर पाय देत नाही.

मँचेस्टरला यायचं कारण बझकॉक्स. 'स्पायरल स्क्रॅच' त्यांनी 500 पौंड उसने घेऊन काढली, जानेवारी 1977 मध्ये, स्वतःच कंपनी स्थापून. पहिल्यांदा 1000 प्रती. त्यातल्या 'बोअरडम' (कंटाळा) या गाण्यात गिटारचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, आहे, त्यात सूर किती? दोन. तेच दोन सूर, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. कंटाळ्यावरच्या गाण्याला आणखी काय वाजवणार! लहानपणी मला वाटायचं, तबकडी अडकलीय. मी उठून सुई पुढे ढकलायचो. तो सोलो आहे हे कळायला मला दोन महिने लागले, आणि कळल्यावर जो काही आनंद झाला तो मला अजून नीट सांगता येत नाही.

या तबकडीच्या पाकिटावरचा फोटो पिकॅडिली गार्डन्समधल्या रॉबर्ट पीलच्या पुतळ्यापाशी काढलाय. पुतळा जागेवर आहे. डोक्यावर कबुतर. पायथ्याशी दादाला उभं करून फोटो काढला. शेजारच्या बाकावर सँडविच खात बसलेल्या बाईंनी विचारलं, कोण आहेत हे? म्हणजे दादा. मी म्हटलं, कॅप्टन. त्या आदराने सरकल्या. जवळच एका तळघरातल्या भारतीय ठिकाणी वडापाव मिळाला. चटणी आपली वाटेना, पण वडा गरम होता. दादाने दोन खाल्ले.

मग पीटर स्ट्रीट. तिथे फ्री ट्रेड हॉल आहे, ज्या मैदानावर 1819 मध्ये घोडेस्वारांनी सभेवर हल्ला करून माणसं मारली त्याच जागी बांधलेला. आता हॉटेल आहे, दर्शनी भिंत जुनीच. याच्याच छोट्या सभागृहात 4 जून 1976 ला बझकॉक्सच्या हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली यांनी सेक्स पिस्टल्सना लंडनहून बोलावलं. तिकीट 50 पेन्स. माणसं आली चाळीसेक. पण त्या चाळिसांत पीटर हुक आणि बर्नार्ड समनर होते, ज्यांनी पुढे जॉय डिव्हिजन हा गाजलेला बँड काढला. हुकने तर दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली. म्हणून या कार्यक्रमाची इतकी कीर्ती झाली की आता मँचेस्टरमधलं अर्धं गाव सांगतं, मी तिथे होतो.

दारावरच्या माणसाला विचारलं, कार्यक्रम झाला ती जागा कुठे? तो हसला. म्हणाला, रोज कुणीतरी येऊन सांगतं की मी होतो त्या रात्री. सगळ्यांना आत घेतलं तर आमच्या खोल्या पुरणार नाहीत. "माझे काकासुद्धा होते म्हणतात," तो म्हणाला, "आणि ते तेव्हा स्पेनला कामाला होते."

मी मोठ्याने हसलो. दादा हसला नाही. तेव्हा मला वाटलं, उन्हाने दमलाय.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. स्टोक गेल्यावर दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाळ्या, मी पण नव्हतो रे."

"कुठे?"

"व्हिक्टोरिया पार्कला."

मी काही बोललो नाही. तोच सांगत गेला. त्या रविवारी तो गँगवे वॉचवर होता, बोटीच्या शिडीपाशी, सकाळपासून. सोमवारी 1 मे. इंग्लंडात ती सुट्टी त्याच वर्षी सुरू झाली, सगळं बंद. मंगळवारी त्याला किनाऱ्यावर सोडलं. टिलबरीहून फेनचर्च स्ट्रीटची गाडी पकडली. डब्यात चारपाच पोरं चढली, केस भादरलेली. काही बोलली, दादाला त्यांचं इंग्रजी समजलं नाही. उतरता उतरता एक जण थुंकला.

"तोंडावर नाही," दादा म्हणाला, जणू मलाच धीर देत होता. "बाहीवर. तो कोट आईने ठाकूरद्वारला शिवून घेतला होता."

स्टेशनवरच्या नळाखाली त्याने बाही धुतली. आल्या पावली परत जावं असं वाटलं. पण बोटीवरच्या रेडिओ ऑफिसरने, तो गोव्याचा आणि गाण्यांचा वेडा, एका दुकानाचा पत्ता दिला होता आणि त्याच्यासाठी रेगेची, म्हणजे जमैकाच्या संगीताची, एक तबकडी आणायची होती. म्हणून गेला. दुकानातल्या पोराने ओली बाही बघून विचारलं. दादाने सांगितलं. त्या पोराने दुकानातलं चालू गाणं बंद केलं, चहा दिला आणि परवाचा रविवार सांगितला. कसे सगळे चालत गेले, रस्त्यात खिडक्यांतून लोक काय ओरडले, पॉलीच्या डोक्यावर कसला रुमाल होता. अर्धा तास सांगत होता. मग या चार तबकड्या लावून दाखवल्या.

"घरी येऊन आईला काय सांगू, थुंकले म्हणून? त्याने सांगितलं होतं ते सांगितलं."

मी चिवड्याचा डबा उघडला. दोघांनी खाल्ला. यूस्टन येईपर्यंत तो संपला.

शनिवार : लॅडब्रोक ग्रोव्ह

ते दुकान शोधायचं असं सकाळी न बोलता ठरलं. दादाला आठवत होतं ते एवढंच : छोटं दुकान, कोपऱ्याजवळ, आणि रस्त्यावरच ऐकू येणारा रेगेचा बेस. माझ्या मते ते रफ ट्रेडच असणार. 1976 मध्ये जेफ ट्रॅव्हिसने काढलेलं, पंक आणि रेगे एकाच छताखाली विकणारं.

लॅडब्रोक ग्रोव्हला उतरलं की डोक्यावरून वेस्टवे जातो, काँक्रीटचा उंच महामार्ग. त्याच्या खालच्या सावलीत दोन मिनिटं उभे राहिलो. 30 ऑगस्ट 1976 ला नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये पोलीस आणि काळी तरुण मंडळी यांच्यात इथे दंगल पेटली. क्लॅशचे जो स्ट्रमर आणि पॉल सिमोनन त्या दिवशी इथेच होते आणि 'व्हाइट रायट' त्यातून आलं. त्यांच्या पहिल्या अल्बमच्या मागच्या बाजूला वेस्टवेखाली धावत येणाऱ्या पोलिसांचा फोटो आहे. स्ट्रमरचे वडील लखनौमध्ये जन्मलेले, हे मी दादाला सांगितलं. "म्हणजे आपलाच," दादा म्हणाला. असं आपण कुणालाही म्हणतो.

टॅलबट रोडला 130 नंबरला रफ ट्रेड आहे. आत शिरताच दादा म्हणाला, "हे नव्हे ते." मला वाटलं, झालं, आता हेही खोटं निघणार. पण तो ठाम. म्हणाला, दार असं नव्हतं, रस्ता असा नव्हता. काउंटरवरच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, बरोबर आहे त्यांचं, पहिलं दुकान इथे नव्हतंच. 202, केन्सिंग्टन पार्क रोड. चालत पाच मिनिटं.

गेलो. आता तिथे तबकड्या मिळत नाहीत. पण दादा रस्त्याच्या कडेला उभा राहिला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि म्हणाला, "हो. इथून मी बाही पिळत आलो." मग बराच वेळ काही नाही. शनिवारचा पोर्टोबेलोचा बाजार शेजारीच भरलेला, माणसांचा लोंढा आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होता. हेही दुकान तसं केवढंसंच.

परत टॅलबट रोडला येऊन मी जुन्या फॅनझिनांबद्दलचं, म्हणजे चाहत्यांनी घरीच काढलेल्या मासिकांबद्दलचं, एक जाडं पुस्तक चाळलं. 'स्निफिन ग्लू' हे पंकचं पहिलं गाजलेलं घरगुती मासिक, जुलै 1976 मध्ये मार्क पेरीने काढलेलं. टाइपरायटरवर बडवलेला मजकूर, स्केचपेनने लिहिलेले मथळे, फोटोकॉपी, पहिल्या अंकाच्या 50 प्रती. बघताना आपल्याकडच्या सायक्लोस्टाइल केलेल्या अनियतकालिकांची आठवण येते, तीच शाई, तीच घाई. पेरी बँकेत कारकून होता. माझ्यासारखाच! फरक एवढाच की त्याने नोकरी सोडली.

(तबकड्या घ्यायच्या असतील तर शनिवारी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. आणि सात इंचीचं पाकीट हातातल्या बॅगेत ठेवा. मी एक घेतली, ती सांगायची गोष्ट नाही, वाकली.)

रविवार : व्हिक्टोरिया पार्क

भाची म्हणाली, आज डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात चला, दादामामाला जुने लोक भेटतील. दादा म्हणाला, मला आज रविवार आहे. तिला काही कळलं नाही.

डिस्ट्रिक्ट लाइनने आधी आल्डगेट ईस्टला उतरलो. तिथे व्हाइटचॅपल रोडला लागून अल्ताब अली पार्क आहे, छोटासा हिरवा तुकडा. अल्ताब अली हा बंगाली तरुण, कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला. 4 मे 1978 ला संध्याकाळी कामावरून घरी जाताना त्याला इथे भोसकून मारलं. व्हिक्टोरिया पार्कच्या त्या कार्यक्रमाला तेव्हा चारच दिवस झाले होते. नंतर हजारो बंगाली त्याची शवपेटी घेऊन शहराच्या मध्यापर्यंत चालत गेले. पंकबद्दल लिहिताना त्या रविवारचे फोटो सगळे छापतात, हा गुरुवार मात्र तळटीपेतही क्वचित येतो. दादा तारखा मोजत होता. "2 तारखेला मी गाडीत होतो," तो म्हणाला. पुढे बोलला नाही.

त्या रविवारच्या मोर्चामागची रॉक अगेन्स्ट रेसिझम ही चळवळ उभी राहिली तीसुद्धा एका गाणाऱ्यामुळे. ऑगस्ट 1976 मध्ये बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून एरिक क्लॅप्टन परदेशी लोकांविरुद्ध आणि स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या एनॉक पॉवेल या राजकारण्याच्या बाजूने बोलला. काळ्या लोकांचे ब्लूज वाजवून मोठा झालेला माणूस! चिडलेल्या काहींनी संगीत साप्ताहिकांना पत्र लिहिलं, त्याला शेकड्यांनी उत्तरं आली, आणि दोन वर्षांनी तो मोर्चा.

माइल एंडला उतरून ग्रोव्ह रोडने चालत गेलो. ऊन असं की डांबर मऊ लागत होतं. पार्क मात्र खरोखरच मोठा. पाच दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी मोठं बघितलं. तळं, झाडं, रविवारचा खाण्याचा बाजार, गवतावर लोळलेली माणसं, कुत्री. स्टेज कुठे होतं त्याची काही खूण आम्हाला सापडली नाही. दादाने विचारलं, "कुठे असेल?" मी एका दिशेला हात केला. उगाच.

एका झाडाखाली बसलो. मी मोबाइलवर 'ओ बॉन्डेज' काढलं आणि एक इअरफोन त्याला दिला. त्याने डाव्या कानातलं श्रवणयंत्र काढलं, रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं, इअरफोन बसवला. गोड आवाजातली ती पहिली ओळ आली आणि मग ती किंचाळी. शेजारच्या बाईंच्या कुत्र्याने कान टवकारले, म्हणजे बाहेरही ऐकू गेली असावी.

गाणं तीन मिनिटांच्या आत संपलं. दादा म्हणाला, "आईसारखं लाव ना."

मला आधी कळेना. मग लक्षात आलं. मोबाइलवर स्पीड कमी करायची सोय असते. 45 चं 33 करायचं म्हणजे साधारण पाऊणपट. मी 0.75 केलं आणि पुन्हा लावलं. रेडा काही हंबरला नाही. आताची यंत्रं आवाजाची पट्टी धरून ठेवतात, नुसतं गाणं सावकाश होतं. पॉली त्याच उंच आवाजात, पण थांबत थांबत किंचाळत होती.

दादा डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "शब्द मात्र कळले."